राखणीचा खर्च कोणी द्यायचा?

मूल, जि. चंद्रपूर

चि. पोरी,


तुझं पत्र मिळालं. तू आणि तुझ्या कॉलेजातल्या तिघीचौघी मिळून एक संस्था काढायचं म्हणता. लोकांच्या मोबाईलमधली माहिती कोण नेतं, कशासाठी नेतं हे तपासून सांगायचं आणि फसलेल्या माणसाला तक्रार लिहून द्यायची, असं काम. तेही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. पत्राच्या शेवटी विचारलंस, ‘आबाजी, या कामाला पैसा कुठून आणतात?’ हा प्रश्न तू सुरुवातीलाच विचारलास याचा मला फार आनंद झाला. ग्राहक चळवळीतल्या एका लहान संस्थेचे हिशेब मी निम्मं आयुष्य लिहिले आहेत. त्यावरून एवढं नक्की सांगतो की संस्था उद्या कशी वागेल, हे तिची घटना वाचून कळत नाही. तिच्या जमेची बाजू वाचून कळतं.

काम गरजेचं आहे का, हे मी तुला विचारणार नाही. आपल्याकडे एका घरात एकच चांगला फोन असतो, आणि त्याच नंबरवर सासऱ्याचं पीक कर्ज, सुनेची लाडकी बहीण आणि पोराची शिष्यवृत्ती असते. योजनेचा अर्ज भरायला बाई सेवा केंद्रात जाते. तिथं आधारची झेरॉक्स राहते, पासबुकाचं पान राहतं, कधी ओटीपीसुद्धा केंद्रवाल्यालाच सांगितला जातो. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. खेड्यात ती काढायची तर बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावायचा. अंगठा किती रकमेसाठी लागला, हे निरक्षर माणसाला मशीनवाला सांगेल तेवढंच कळतं. त्यात कर्जाची ॲप आली. पाच हजार रुपये देतात आणि फोनमधली सगळी नावं उचलून घेतात. हप्ता चुकला की मामाला, मास्तराला, होणाऱ्या व्याह्याला फोन जातात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नावं, कॉलची यादी आणि फोटो यांना हात लावायचा नाही. हा नियम एटापल्लीत किंवा भामरागडात माडियातून, सिरोंच्यात तेलुगूतून सांगणारं कोण आहे? नेमकी तीच जागा तुम्ही घ्यायला निघालात.

कोणी म्हणेल, खासगीपणा हे शहरी लोकांचं खूळ आहे. त्याला गडचिरोलीचंच उदाहरण दे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली आणि त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जगभरच्या आरोग्य धोरणाला त्यानं वळण लावलं. नवऱ्यालाही न सांगितलेलं दुखणं त्या बायकांनी डॉक्टरांना सांगितलं, कारण ते चावडीवर जाणार नाही याची त्यांना खात्री होती. आकडा जगाला कळला, नाव कोणाचं कळलं नाही. आपल्या बायकांना स्वतःची गोष्ट स्वतःपाशी ठेवण्याची किंमत चांगली ठाऊक आहे.

आता पैशाचं. या कामात पैशाची अडचण अशी की त्याचा फायदा सगळ्यांना होतो आणि बिल कोणाच्याच नावावर फाटत नाही. तुम्ही एका ॲपची लबाडी उघड केली तर ते वापरणारे सगळेच वाचतात, पण आपण कशातून वाचलो हे त्यांना कळतही नाही. मग ते पैसे का देतील? उलट ज्याची लबाडी उघड होते, त्याच्याकडे पैशाची कमी नसते. सगळ्या जगात या क्षेत्रातल्या ना-नफा संस्था याच पेचात आहेत. त्यांनी काढलेल्या वाटा मी समजून घेतल्या, त्या तुला सांगतो.

मोझिलापासून सुरू करतो, कारण त्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. फायरफॉक्स ब्राउझर तू वापरतेस. तो काढणारी मोझिला फाउंडेशन २००३ मध्ये उभी राहिली, तेव्हा एओएल कंपनीनं तिला २० लाख डॉलर दिले होते. एवढ्यावर ब्राउझर चालत नाही. मग २००५ मध्ये फाउंडेशननं आपल्या पूर्ण मालकीची, कर भरणारी एक कंपनी काढली, आणि फायरफॉक्समधला शोध आपोआप ज्या सर्च इंजिनकडे जाईल, त्याच्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर काम चालवलं. ते सर्च इंजिन बहुतेक वर्षं गूगलच राहिलं. म्हणजे लोकांचा माग काढून जाहिराती विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर, माग काढण्याला विरोध करणारी संस्था उभी. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला. त्यात २०२५ मध्ये मोझिलाच्या अर्थप्रमुखांनी साक्षीत सांगितलं की आमचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं जवळपास ८५ टक्के गूगलकडून. हा करार थांबला तर आम्ही मोडून पडू, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयानं असे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही, म्हणून तेवढ्यापुरतं निभावलं.

यावरून मोझिला खोटी ठरते असं मी म्हणणार नाही. त्या पैशातून तिनं माग काढणाऱ्या कुकीज अडवणारा ब्राउझर कोट्यवधी लोकांना फुकट दिला आहे. पण हिशेबनीसाच्या नजरेला दुसरी गोष्ट दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशननं ३० टक्के कर्मचारी कमी केले. त्या वेळी बंद झाला तो लोकांच्या बाजूनं धोरणासाठी भांडणारा विभाग. पैशाची ओढाताण झाली की कमाई करणारं काम टिकतं आणि भांडणारं काम आधी जातं. तुमचं काम भांडण्याचं आहे, म्हणून हे तुला इतकं लांबण लावून सांगतो.

सिग्नल या निरोपांच्या ॲपची वाट वेगळी. ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९०० कोटी डॉलरला फेसबुकनं घेतलं. पुढे ॲक्टन तिथून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये त्यांनी ५ कोटी डॉलर घालून सिग्नल फाउंडेशन उभी केली. सिग्नलचं मला सर्वांत आवडलं ते असं की २०२३ मध्ये त्यांनी आपला खर्च लोकांपुढे उघडा मांडला. नवीन माणूस जोडताना जो कोड एसएमएसनं जातो, नुसत्या त्या एसएमएसवर वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर! आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरवर जाईल, हा अंदाजही सांगून टाकला. माणसांची माहिती साठवायचीच नाही असं एकदा ठरवलं की ती विकून खर्च भागवण्याचा रस्ता कायमचा बंद होतो. मग उरतात देणगीदार. एका मोठ्या दात्यावर सुरू झालेली संस्था आज लहान लहान देणग्यांकडे वळायची धडपड करते आहे. दाता कितीही चांगला असो, एकटा असू नये.

सरकारी पैशाचं थोडक्यात. टॉर हे नाव तू ऐकलं असशील, इंटरनेटवर वापरणाऱ्याची ओळख लपवणारं तंत्र. ते तंत्र अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतून निघालं, आणि २००६ मध्ये ना-नफा संस्था झाल्यावरही तिच्या पैशाचा मोठा भाग अनेक वर्षं अमेरिकी सरकारकडून आला. अशा साधनांना पैसा पुरवणारा ओपन टेक्नॉलॉजी फंडही सरकारी अनुदानावरच. मार्च २०२५ मध्ये वरून हुकूम आला, अनुदान तोडलं गेलं आणि फंडाला कोर्टात धाव घ्यावी लागली. यापेक्षा जास्त काय सांगू?

आणखी एक वाट तिकडे आहे, दंडाच्या पैशाची. २०१० मध्ये गूगलनं बझ नावाची सेवा काढली आणि लोकांनी कोणाशी पत्रव्यवहार केला ती नावं उघडी पडली. दावा झाला, ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. कोट्यवधी वापरणाऱ्यांना वाटले तर एकेकाच्या वाट्याला काही सेंट आले असते. म्हणून वकिलांची फी आणि खर्च वजा जाता बहुतेक रक्कम खासगीपणासाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यायचं ठरलं. कल्पना न्याय्य आहे. पण यादी कोण करणार? ज्या संस्थेनं बझविरुद्ध सरकारकडे तक्रार केली होती, तिचंच नाव पहिल्या यादीत नव्हतं. तिनं आक्षेप घेतला, न्यायाधीशांनी लक्ष घातलं, तेव्हा तिचा वाटा निघाला. युरोपात तर इतकंही नाही. मॅक्स श्रेम्स या वकिलानं व्हिएन्नामध्ये २०१७ साली नॉयब ही संस्था काढली. त्यांच्या दीर्घ लढ्यातून मे २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीला १२० कोटी युरोचा दंड बसला. तो पैसा आयर्लंडच्या सरकारी तिजोरीत जमा होतो, लढणाऱ्यांना त्यातला एक युरो नाही. नॉयब चालते ती वर्गणी भरणाऱ्या हजारो सभासदांवर.

आपल्याकडे काय आहे ते नीट ऐक, कारण इथं माझं ठाम मत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. ज्यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी निवृत्त न्यायमूर्ती होते. याचिका २०१२ ची, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि अंमल टप्प्याटप्प्यानं व्हायचा आहे. त्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो सगळा भारताच्या संचित निधीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही, उलट भरपाई मागायला माहिती तंत्रज्ञान कायद्यात जे कलम ४३ अ होतं तेही हा कायदा पूर्ण लागू झाला की जाणार. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार ठरली तर तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड. सेवा केंद्रात फसलेली बाई हे वाचून तक्रार करायला धजावेल का?

हे असं असायला नको होतं, कारण आपल्याच देशात याहून चांगला नमुना आहे. १९९२ पासून ग्राहक कल्याण निधी आहे. जो कर परत करायचा आहे पण व्यापाऱ्याला दिला तर तो फुकट गबर होईल आणि खरा ग्राहक सापडत नाही, तो पैसा या निधीत जातो, आणि त्यातून ग्राहक संस्थांना अनुदान मिळतं. जीएसटी कायद्यातही कलम ५७ मध्ये तो निधी कायम आहे. माहिती फुटल्याच्या दंडाचा काही हिस्सा याच धर्तीवर लोकांसाठी लढणाऱ्या संस्थांकडे यावा, ही मागणी ग्राहक चळवळीनं लावून धरली पाहिजे. तुमची संस्था झाली की पहिला ठराव याचाच करा.

तोपर्यंत एक दार उघडं आहे, ते फार कमी लोकांना माहीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. नोंदणीकृत ग्राहक संस्था ग्राहकाच्या वतीनं तक्रार करू शकते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे आयोग आहेत. दिल्लीतला वकील न लावता हे काम इथं होतं, म्हणजे तुमचा निम्मा खर्च वाचला.

आता तुला मिळू शकणाऱ्या पैशाबद्दल. परदेशी देणगीचा विचार सोडून दे. त्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि त्यातला पगार-कार्यालयावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. तुमच्या कामात पगार हाच मुख्य खर्च. ॲप तपासणारी मुलगी आणि गावात जाणारी मुलगी, दोघींना महिना द्यावाच लागेल.

मग सीएसआर. आपल्या जिल्ह्यात कोळसा, सिमेंट, वीज, कागद, आता लोखंड. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, दवाखान्याची गाडी, हे त्यातून झालेलं मी पाहिलं आहे आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण ही यादी कंपनी ठरवते, आणि पाटी लावता येईल अशा कामाला पैसा लवकर मिळतो. ज्याचं खासगीपण राखलं, त्याच्या घरावर पाटी लावता येत नाही. आमच्या संस्थेला एका वर्षी एका कंपनीनं ग्राहक दिनाचा सगळा खर्च देऊ केला होता. तिच्याविरुद्धच्या तक्रारी आमच्याच कपाटात होत्या. कार्यकारिणीनं नाही म्हटलं, आणि त्या वर्षीचा ग्राहक दिन शाळेच्या पटांगणात सतरंजीवर झाला. गर्दी कमी नव्हती.

नाही म्हणायची ताकद कुठून येते, हे पाहायचं तर गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जाऊन ये. २०१२ मध्ये त्यांना हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू ते स्वतः कापतात, स्वतः विकतात. पण तेंदूपत्ता, जो उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी रोख पैसा आणतो, तो त्यांनी तोडायचा सोडला. चांगलं पान यावं म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, आणि त्याच झाडाचं, टेंभुर्णीचं, फळ ना पाखरांना मिळतं ना माणसाला. ग्रामसभेत बसून त्यांनी ठरवलं की हा पैसा नको. बांबूचं उत्पन्न हातात होतं म्हणून ते असं ठरवू शकले. मेंढा-लेखा तर तुला शाळेपासून माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अभ्यास गट आणि सर्वसहमती रुजवली, आणि गावाचा कोष गावकऱ्यांनी आपल्या कमाईतला वाटा घालून उभा केला. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली आहे, ती ग्रामसभांच्या वर्गणीवर चालते. परदेशातल्या त्या मोठ्या संस्था जिथं पोचायला धडपडताहेत, तिथं आपली ही गावं आधीच पोचली आहेत. राखणदाराला गाव पोसतं तेव्हा तो गावाचं शेत राखतो, व्यापाऱ्यानं पोसला तर व्यापाऱ्याचं खळं.

म्हणून माझा सल्ला असा. पाया वर्गणीचा ठेवा. ग्रामसभा, महिला बचत गट, शिक्षकांच्या पतसंस्था, सेवानिवृत्तांचे संघ यांना सभासद करा. त्यांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष काहीतरी द्या. आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं, आधार क्रमांक झाकलेली प्रत कशी काढायची, कर्जाच्या ॲपला कोणत्या परवानग्या नाकारायच्या, याचा एक दिवसाचा वर्ग. ज्याला उपयोग होतो तो वर्गणी देतो, हे मी पावत्या फाडून शिकलो. त्यावर मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींची मासिक देणगी जोडा. दिल्लीतली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन २०१६ पासून या देशातल्या माणसांच्या लहान देणग्यांवर भर देऊन उभी आहे, तिची वार्षिक कागदपत्रं वाचून काढ. मोठं अनुदान मिळालंच तर ते एका ठरावीक कामापुरतं घ्या, संपलं तरी दार बंद होणार नाही इतपतच. कोणा एकाचा पैसा एकूण जमेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हे घटनेतच लिहा. नंतर लिहू म्हणाल तर ते कधीच लिहिलं जाणार नाही.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होईल. देणगीवरची करसवलत मिळाली की देणगीदारांची नावं आणि पॅन दरवर्षी आयकर खात्याला कळवावे लागतात, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. म्हणजे लोकांची माहिती राखायला निघालेल्या तुमच्याच कपाटात लोकांची माहिती जमणार. ती कोण पाहील, किती वर्षं राहील, केव्हा जाळायची, याचा नियम पहिल्या बैठकीत करा. तक्रारदाराच्या आधारची झेरॉक्स तर ठेवूच नका. क्रमांक लागलाच तर पाहून परत द्यायचा. आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी मराठीत, जमलं तर गोंडीतही, सभासद गावांच्या फलकावर लावा. आम्ही तो वर्षातून एकदा लावत असू आणि लोक थांबून वाचत.

घटनेचा मसुदा झाला की मला पाठव. उद्दिष्टांचं पान नंतर वाचेन, आधी देणगीच्या अटींचं पान पाहीन. आजीवन सभासदाची वर्गणी किती ठेवणार तेही कळव. माझी आणि तुझ्या आजीची, दोघांची वेगवेगळी पावती फाड.

तुझे
आबाजी